गोकूचा ड्रेस शिवायला आलाय, पण हा गोकू नक्की कुणाच्या घरचा?

शहापूरचा ड्रेसवाला:

नमस्कार मंडळी. मी गेम खेळणाऱ्यांतला नव्हे, ड्रेस भाड्यानं देणाऱ्यांतला. बेळगावात शहापुरात आमचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. पुढं दोन मशिनं, मागं चार कपाटं. वैशाखात शिवजयंतीच्या चित्ररथांना मावळे लागतात, १ नोव्हेंबरला राज्योत्सवाच्या मिरवणुकीला संगोळ्ळी रायण्णा, आणि डिसेंबर उजाडला की गॅदरिंगवाले: भाजीवाली, पोलीस, मोर, लोकमान्य टिळक. झाशीची राणी आणि कित्तूर चन्नम्मा आमच्याकडं एकाच कपाटात राहतात. तलवार तर दोघींना एकच देतो, मूठ तेवढी पुसून.

ह्या वर्षी भलतंच सुरू झालंय. वडगावची एक बाई दहा वर्षांच्या पोराला घेऊन आली. पोरानं आईच्या मोबाइलवर चित्र दाखवलं: नारिंगी ड्रेस, निळा पट्टा, केस खराट्यासारखे उभे. ‘पबजीतला ड्रेस’ म्हणाला. मी वहीत लिहिलं: पबजी, नारिंगी, वय १०, ॲडव्हान्स २००. चार दिवसांनी अनगोळचा एक पोरगा आला. ड्रेस तोच, पण हा म्हणतो फोर्टनाइट नावाच्या गेममधला. मी म्हटलं, अरे हा पबजीवाला, वहीत लिहिलंय बघ. तो माझ्याकडं असा बघायला लागला, जणू मी मावळ्याला गांधी टोपी घालून उभा केलाय. ‘अण्णा, हा गोकू. ड्रॅगन बॉलचा.’ म्हणजे तिसरंच घर!

त्यावर कळस म्हणून कॉलेजचा एक मुलगा आला. त्याच्या चित्रातल्या माणसाला टक्कल, दाढी, अंगावर लाल पट्टा रंगवलेला, कमरेला कातड्याचं काहीतरी आणि वर उघडा. हाही ‘फोर्टनाइटचा’. भाचा दुकानात बसला होता, तो म्हणाला मामा, हा क्रॅटोस, दुसऱ्याच गेमचा, तिथं पाहुणा म्हणून आलाय. बरं, उघड्या माणसाचा ड्रेस मी कसला शिवू? ते नंतर बघू.

मी अगदीच अडाणी नव्हे हां. शाळेत असताना बसस्टँडकडच्या एका पार्लरमध्ये रुपया टाकून ‘किंग ऑफ फायटर्स ९७’ खेळलोय. लाल टोपीवाला टेरी घ्यायचो. आणि मुस्तफा. त्या गेमचं खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स’ हे मला तिशी उलटल्यावर कळलं, आम्ही गेमलाच मुस्तफा म्हणायचो. पण तिथं टेरी तो टेरी आणि मुस्तफा तो मुस्तफा. आपापल्या घरात असायचे, एकमेकांकडं जात नव्हते.

तर विचारायलोय ते असं. आमच्या धंद्यात दोन गोष्टी वेगळ्या असतात. चित्ररथावर जो पोरगा मावळा होऊन उभा राहतो ते सोंग. ड्रेस आमचा, अंग त्याचं, आणि उद्या तोच रायण्णाही होईल. नाटकाला बाहेरगावचा नट बोलावला तर तो पाहुणा. तो आपली चाल, आपला आवाज, आपल्या लकबी घेऊन येतो. हा गोकू त्या लोकांच्या गेममध्ये सोंग आहे का पाहुणा? मला हे कळायला पाहिजे, कारण अनगोळच्या पोराला हातात बंदूक हवीय, ‘गेममध्ये असते’ म्हणतो, आणि त्याच्या शाळेनं स्टेजवर बंदुकीला मनाई केलीय. शिवाय छातीवरच्या गोलातलं ते जपानी अक्षर दोन पोरांच्या दोन चित्रांत वेगवेगळं दिसायलंय. मोराला एक पीस कमी पडलं तर आया खपवून घेतात. ही पोरं घेणार नाहीत.

थर्ड गेट, टिळकवाडी:

अण्णा, एवढं काय त्यात. गोकू ड्रॅगन बॉल ह्या जपानी कार्टूनचा, क्रॅटोस गॉड ऑफ वॉर ह्या गेमचा. फोर्टनाइटमध्ये गोकू २०२२ च्या ऑगस्टात आला, पबजी मोबाइलमध्ये पुढच्या वर्षी. दोन्हीकडं स्किन, म्हणजे नुसतं वरचं रूप आहे, संपला विषय. बंदूक देऊ नका. गोकूच्या हातात बंदूक म्हणजे पैलवानाच्या हातात छत्री. क्रॅटोसवाल्याला कातडीच्या रंगाची फुल बनियन गळ्यात मारा, जानेवारीच्या थंडीत गप घालतोय की नाही बघा.

निपाणी ते पुणे:

दादा, तुमचं सोंग आणि पाहुणा मी उचललं, उद्या ऑफिसात वापरणार. मी निपाणीचा, सध्या पुण्यात एका गेम स्टुडिओत ॲनिमेशन करतो. ह्याच्यावरच पोट आहे, तेव्हा जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी सोंग. गेममधल्या माणसाच्या आत हाडांचा सांगाडा असतो, आम्ही त्याला रिग म्हणतो. चालणं, पळणं, उडी मारणं, बसणं हे सगळं त्या सांगाड्याला शिकवलेलं. वरचा चेहरा, केस, कपडे ही खोळ. सांगाडा एकदा शिकला की त्याच्यावर कितीही खोळी चढवा. तुमचा फ्री साइज अंगरखा कसा, नाडी ओढली की कुणालाही बसतो, तसंच. फोर्टनाइटमध्ये गोळी कुठं लागली हे मोजायची मापंही सगळ्या खोळींना सारखी ठेवलेली आहेत, नाहीतर बारीक अंगाची स्किन विकत घेणारा फुकटात वाचेल. त्यामुळं तिथला गोकू दिसायला गोकू, आत सगळ्यांसारखाच. गंमत म्हणजे त्याचा तो कामेहामेहा, दोन तळवे जुळवून सोडायचा निळा झोत, तोही त्यांनी त्याच वेळी गेममध्ये आणला होता, पण वेगळी वस्तू म्हणून. ज्याला मिळेल त्यानं सोडावा. तिथं पीली नावाचं एक चालतंबोलतं केळं आहे. ते केळं कामेहामेहा सोडतंय आणि गोकू शेजारी बंदूक धरून उभा, हे मी ह्या डोळ्यांनी पाहिलंय. तेव्हा अनगोळचा पोरगा खोटं बोलत नाही. तरी बंदूक देऊ नकाच.

आता पाहुणा. ही खरी खटपट. ‘सोल कॅलिबर २’ हा तलवारबाजीचा गेम २००३ मध्ये घरच्या मशिनांवर आला तेव्हा तीन मशिनांवर तीन पाहुणे होते. निन्टेन्डोच्या गेमक्यूबवर झेल्डा गेमचा लिंक, सोनीच्या प्लेस्टेशन २ वर टेकन ह्या मारामारीच्या गेमचा म्हातारा हेइहाची, मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्सवर कॉमिकातला स्पॉन. लिंक निन्टेन्डोच्या घरचा, तो सोनीच्या उंबऱ्यावर कसा जाईल? पण जिथं गेला तिथं आपली धनुष्य-बाण, बॉम्ब, बूमरँगची पिशवी घेऊन गेला. हा पाहुणा. त्याच्यासाठी सांगाड्याला सगळं नव्यानं शिकवावं लागतं, आणि मग घरातल्या बाकी मंडळींशी त्याचं जमतं का, हे महिनोन्‌महिने तपासत बसायचं. २००८ च्या चौथ्या भागात स्टार वॉर्सचा योडा आणला. तो एवढा बुटका की त्याला धरून आपटायचे डाव लागूच होत नव्हते! टेकन ३ मध्ये गॉन नावाचं पिटुकलं डायनासोर होतं, त्याच्या डोक्यावरून लाथा नुसत्या फिरून जायच्या. तुमच्या भाषेत, माप न घेता बोलावलेला पाहुणा.

माझ्या मते सगळ्यात नीट बसवलेला पाहुणा म्हणजे टेकन ७ मधला अकुमा. तो स्ट्रीट फायटर ह्या दुसऱ्या मारामारीच्या गेमचा. येताना हातातून सुटणारे आगीचे गोळे आणि ताकद साठवायची पट्टी बरोबर घेऊन आला, म्हणजे खेळायची रीतच घेऊन आला. आणि नुसता आला नाही, त्याला कथेत कारण दिलं. हेइहाचीच्या बायकोनं, काझुमीनं, त्याच्यावर कधीकाळी उपकार केलेले असतात, ते फेडायला तो हेइहाचीला मारायला येतो. लग्नात कुणाच्या तरी ओळखीनं जेवून जाणारे असतात तसं नाही, ह्याच्या हातात आमंत्रणाची पत्रिका आहे.

क्रॅटोसची वरात मात्र बघण्यासारखी. २०११ च्या मॉर्टल कॉम्बॅट ह्या मारामारीच्या गेममध्ये तो पाहुणा होता, पण फक्त सोनीच्या मशिनवर, कारण मालक सोनी. २०२० च्या डिसेंबरात तो फोर्टनाइटमध्ये स्किन म्हणून आला आणि एक्सबॉक्सवर खेळणारी पोरंसुद्धा क्रॅटोस होऊन फिरायला लागली. उलट मायक्रोसॉफ्टच्या घरचा, हेलो गेममधला मास्टर चीफ सोनीच्या मशिनवर. पाहुणा म्हणून ज्या दारात नऊ वर्षांपूर्वी पाऊल टाकता आलं नाही, त्याच दारातून सोंग होऊन बिनधास्त आत.

आणि हे खास तुमच्यासाठी. १९९२ च्या पहिल्या मॉर्टल कॉम्बॅटमध्ये खरी माणसं खऱ्या ड्रेसात उभी करून त्यांची चित्रं गेममध्ये घातली होती. त्यातले पिवळा स्कॉर्पियन, निळा सब-झिरो आणि लपलेला हिरवा रेप्टाइल, तिघांच्या आत एकच माणूस आणि एकच ड्रेस. रंग कॉम्प्युटरवर बदलला. तुम्ही दुकानात नुसते फेटे बदलून तीन वेगळे सरदार काढत असालच!

शहापूरचा ड्रेसवाला:

फेटे बदलून पाच काढतो, तीन कशाला. एका वर्षी ऐन वेळी अफझलखानाचा झगा कमी पडला तेव्हा नवरदेवाच्या शेरवानीवर भागवलं होतं. कुणाला कळलं नाही. (ज्याची शेरवानी होती त्याला कळलं.)

मुलांची बाई, चिकोडी:

मी प्राथमिक शाळेत शिकवते. गेल्या गॅदरिंगला वेशभूषा स्पर्धेत एकवीस मुलं होती, त्यात सहा स्पायडर-मॅन. परीक्षक म्हणून बसलेल्या गुरुजींना वाटलं, समूहनृत्य आहे. म्हणून म्हणते दादा, गोकू शिवताय ते बरंच.

तुमच्या सोंगात मी एक भर घालते. माझ्या भाच्याच्या गेममध्ये ‘जय’ नावाचा एक लढवय्या होता. चेहरा बघते तर हृतिक रोशन! फ्री फायरवाल्यांनी २०२० मध्ये त्याला घेतलं, पण नाव दिलं जय. त्याच वर्षी रोनाल्डोला घेतलं आणि नाव क्रोनो. म्हणजे माणूस खरा, चेहरा खरा, आणि नाव सोंगाचं. मॉर्टल कॉम्बॅटच्या अकराव्या भागात तर टर्मिनेटरला चेहरा अर्नोल्डचा आहे आणि आवाज दुसऱ्याच माणसाचा, हे मला भाच्यानंच दाखवलं. त्याच गेममधल्या रॅम्बोला मात्र स्टॅलननं स्वतः आवाज दिलाय. चेहऱ्याचं भाडं वेगळं, आवाजाचं वेगळं, असं असणार.

आणि ह्या सगळ्याचे पैसे कोण देतं ते विचारू नका. ह्याच भाच्यानं कुठल्याशा एका गेममध्ये ड्रेस मिळवायला वडिलांच्या मोबाइलवरून अठराशे रुपयांच्या नशीब अजमावायच्या पेट्या उघडल्या. ड्रेस निघाला नाही, पॅराशूटचा रंग निघाला. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही म्हणतात ना. तुमच्याकडं निदान दोनशे रुपयांत अंगावर घालायला कापड तरी मिळतं.

जुनी डिस्क, खानापूर:

अण्णा, ‘एकमेकांकडं जात नव्हते’ हे तुमचं वाक्य वाचून मी खुर्चीतून उठलो. अहो, तुम्ही रुपया टाकून जे खेळत होता तीच मुळात पाहुण्यांची पंगत होती!

किंग ऑफ फायटर्स १९९४ मध्ये सुरू झाला तोच एसएनके कंपनीच्या जुन्या गेममधली माणसं एका मांडवात आणून. तुमचा टेरी १९९१ च्या ‘फेटल फ्युरी’चा. नारिंगी कपड्यांतला रियो १९९२ च्या ‘आर्ट ऑफ फायटिंग’चा. राल्फ आणि क्लार्क १९८६ च्या ‘इकारी वॉरियर्स’मधले फौजी. अथेना ‘सायको सोल्जर’ची. ही अथेना तुमच्या धंद्याला फार जवळची आहे, जवळजवळ प्रत्येक भागात नवा ड्रेस. आपल्याकडं ते आधीचे गेम पार्लरमध्ये फारसे नव्हते, थेट ९७ आला, म्हणून आपल्याला वाटलं सगळे एकाच घरातले. मलाही कॉलेजात जाईपर्यंत तसंच वाटत होतं.

तुमचा टेरी तर अजून फिरतोच आहे. २०१९ मध्ये निन्टेन्डोच्या स्मॅश ब्रदर्समध्ये, २०२४ च्या सप्टेंबरात स्ट्रीट फायटर ६ मध्ये. त्याच्याच मंडळींतली पंखा घेऊन लढणारी माई शिरानुई, तिला स्मॅशमध्ये जागा नव्हती, कारण गेम लहान मुलांचा आणि तिचे कपडे तसले. २०२५ मध्ये ती स्ट्रीट फायटर ६ मध्ये आली ती अंगात जॅकेट चढवून. जुना ड्रेस आहे, पण दुसऱ्या नंबरला.

स्ट्रीट फायटर काढणारी कॅपकॉम कंपनी आणि एसएनके नव्वदच्या दशकात एकमेकांच्या डोळ्यावर यायच्या. त्या काळातला कॅपकॉमचा डॅन बघा, गुलाबी कपड्यांतला, नुसत्या गमजा मारणारा आणि मार खाणारा. ती सरळ सरळ एसएनकेच्या रियो आणि रॉबर्टची नक्कल. पाहुणा बोलावला नाही, त्याची टवाळी करणारं सोंग काढलं. मला हे कुठल्याही अधिकृत पाहुण्यापेक्षा जास्त आवडतं, खरं सांगायचं तर.

निपाणीवाल्या दादांनी लिंकचं सांगितलं त्याला माझं एक शेपूट. २०१३ मध्ये सोल कॅलिबर २ नव्या मशिनांसाठी पुन्हा आला तेव्हा हेइहाची होता, स्पॉन होता, लिंक नव्हता. पाहुण्याचा करार संपला की पाहुणा जातो. मार्व्हल आणि कॅपकॉमच्या एकत्र गेमचा दुसरा भाग तर २०१३ च्या अखेरीस ऑनलाइन दुकानांतून अख्खाच उचलला, तो परत मिळायला २०२४ उजाडलं. म्हणून मी डिस्क टाकत नाही. घरात ओरडतात, ओरडू देत.

आता तुमचं अक्षर. गोकू ज्याच्याकडं शिकला त्या म्हाताऱ्याचं घराणं कासवाचं. पहिलं अक्षर ‘कामे’ म्हणजे कासव, ती तालमीची खूण. पुढं तो मोठा झाल्यावर काही काळ ‘गो’ हे अक्षर लावतो, ते त्याच्या स्वतःच्या नावातलं. लहान पोराचा ड्रेस असेल तर कासवच लावा, लहानपणीचा गोकू कासवाचाच आहे. छातीवर डावीकडं लहान, पाठीवर मोठं. मनगटाला निळ्या पट्ट्या विसरू नका.

निपाणी ते पुणे:

लिंकचं शेपूट मान्य. डॅन मी विसरलोच होतो, पाप लागणार.

शहापूरचा ड्रेसवाला:

सगळ्यांचे आभार. किंग ऑफ फायटर्सचं वाचून काल रात्री झोप लागली नाही, खोटं नाही सांगत. वर्षानुवर्षं मी टेरीला त्या घरचा थोरला मुलगा समजत होतो. तो तिथं पाहुणा! त्या पार्लरच्या मालकाला हे माहीत होतं का कोण जाणे. आता तिथं मोबाइलची कव्हरं मिळतात.

कामाचं सांगतो. वडगाव आणि अनगोळ दोन्ही ड्रेसांना नारिंगी टेरिकॉट घेतलं खडेबाजारातून, सॅटिन नको म्हटलं, स्टेजच्या लाइटमध्ये चमकतं आणि पोरगा पैलवान न दिसता नवरदेव दिसतो. आतली निळी बनियन वेगळी न शिवता गळ्याला आणि बाहीला निळी पट्टी जोडली, पोरं घाम गाळतात, दोन थर सोसणार नाहीत. पट्ट्याला वेलक्रो. कासव फेल्टमध्ये कापून चिकटवलं, कडेनं एक शिलाई. पहिलं अक्षर उलटं चिकटलं होतं, भाच्यानं वाचवलं.

अनगोळच्या पोराला सांगितलं, तुझा गोकू फोर्टनाइटमध्ये सोंग घेऊन आलाय म्हणून त्याच्या हातात बंदूक आहे, स्वतःच्या घरी तो हातानं लढतो, तू स्टेजवर कुठला होणार? थोडा विचार केला त्यानं. मग तळवे जुळवून कामेहामेहा करून दाखवला, दुकानातल्या दुकानात, मोठ्यानं. बाहेर बाकावर आमची आई शेंगा निवडत बसली होती, तिनं सूप सोडून दिलं.

क्रॅटोसवाला आलाच नाही परत. त्याची बनियन चहात भिजवून रंगवून तयार आहे, कुणाला पाहिजे असेल तर सांगा, एल साइज.

वहीत आता दोन रकाने पाडलेत: एक ‘घर’, एक ‘सध्या मुक्काम’.

एकच अडलंय. केस. फोम शीटचे त्रिकोण कापून टोपीवर लावले तर दोन नाचांत वाकतात, आणि थर्माकोल लावला तर पोरं एकमेकांना डोक्यानं मारतात. कुणी केलेत का असले केस?